येसूबाईनं न कापलेला जिताडा

मी येसूबाईची विळी बोलतेय. कळंबच्या लोहारानं मला घडवलं आणि कर्जतच्या बाजारात मासळीच्या ओट्यावर माझं आयुष्य गेलं. माझ्या पाटावर पाय दाबून येसूबाईनं किती मासे कापले! बोय, शिंगाळी, आणि नशीब जोरावर असेल त्या दिवशी जिताडा. सगळा माल खाडीचा, टेंपोनं येणारा.

गिऱ्हाइकं भारी चोखंदळ. कल्ला उचलून लाली बघणार, बोटानं दाबणार. ताजा तो चांगला, एवढंच त्यांना ठाऊक. मलाही तेवढंच.

कॉलेजात संशोधन करणारी तेजश्री आमच्याकडून मासे न्यायची, पण खायला नाही, तपासायला. एके सकाळी ती ओट्यापाशी घुटमळली. मग म्हणाली, खाडीच्या मासळीत शिसं आणि पारा सापडलाय, चालेल त्याहून कितीतरी जास्त. कारखान्यांचं पाणी खाडीत उतरतं आणि माशांच्या अंगात साठत जातं. जिताडा बाकीच्या माशांना खातो, म्हणून पारा त्याच्यात सगळ्यात जास्त.

"चांगलं धुतलं तर?" येसूबाईनं विचारलं.

"धुऊन जात नाही, मावशी. ते मांसातच असतं. पोटुशी बाई, लहान मूल, यांना तर देऊच नका."

येसूबाईचा पाय माझ्यावरून सरकला. तिची सून हर्षला सातव्या महिन्यात होती. बाळ गुटगुटीत व्हावं म्हणून येसूबाई तिला रोज निवडक तुकड्या वाढत होती. त्या मीच कापलेल्या.

बातमी पसरली तशी गिऱ्हाइकं भांडायला आली. विष चारलंस म्हणाली. येसूबाई खाली मान घालून ऐकत राहिली आणि माझा मात्र संताप झाला. ज्यांनी ते पाणी सोडलं त्यांच्या फाटकाशी यांच्यातला एकजण गेला नव्हता. मासेवालीचा ओटा जवळ पडतो ना!

त्यातच रिसॉर्टवाला अनुपमशेठ आला. टोपलीत न विकलेला एक मोठा जिताडा होता. डोकं-शेपूट काढून तुकड्या कर म्हणाला, पाहुणे मुंबईचे आहेत, त्यांना काय कळतंय; आणि एका जेवणानं कोण मरतं?

येसूबाईनं मला आडवी करून ठेवली.

"माज्या सुनंला जे वाढनार नाय, ते दुसऱ्याच्या ताटात नाय घालनार, शेठ. तुमच्या पावन्यांतबी कोन पोटुशी आसंल."

तो पुढच्या ओट्यावर गेला. येसूबाईनं तो जिताडा शेताच्या बांधाला खोल पुरला. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर धोंडा ठेवला.

हर्षलाला मुलगी झाली. हसते, रडते, दूध पिते. डॉक्टर म्हणतात, वाढीकडे लक्ष ठेवा, आत्ताच काही सांगता येत नाही. पाळण्यातल्या पोरीकडे बघताना येसूबाईच्या मनात रोज हेच वाक्य असतं. तिला ते कुणामुळे ऐकावं लागलं?

ती आता भाजी विकते. मी फणस चिरते, सुरण चिरते. खाडीचा टेंपो अजून येतो.

मला धार आहे, म्हणून लोक पोरांना माझ्यापासून लांब ठेवतात. मी निदान दिसते तरी. पाण्यातलं ते कुणाला दिसत नाही. पण सोडणाऱ्यांना ठाऊक असतं. येसूबाईला सगळे जाब विचारून गेले. आता कारखानेवाल्यांना विचारा.