नवा बॉयलर

क्रिस्टाने प्रश्न अगदी सोपा करून टाकला होता. नवा बॉयलर घेतला तर आम्ही दोघं या घरात राहणार. जुनाच दुरुस्त केला तर तो घर विकेपर्यंत चालला म्हणजे झालं. मग मी तिच्याकडे मिल्टनला आणि माझा नवरा हेरॉल्ड म्हाताऱ्यांच्या होममध्ये. माझी मुलगी बँकेत काम करते. तिच्याशी वाद घालायला बसलं की आपणच कर्ज मागायला आल्यासारखं वाटतं.

मी म्हटलं, "नवा."

"मम्मी, एकदा नीट थिंक कर. नवा बॉयलर वीस वर्षं चालतो. डॅडींना दोन वर्षांनी हे घर तरी ओळखता येणार आहे का?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. आज येतं ना?"

तिने डोळे फिरवले. लहानपणी असे डोळे फिरवले असते तर एक लगावली असती. आता ती पन्नाशीला आलीय आणि गाडी तिच्याकडे आहे, म्हणून गप्प बसले.

एटोबिकोमधलं आमचं घर विटांचं, जुन्या पद्धतीचं. बेसमेंटमध्ये बॉयलर, तो पाणी तापवतो, ते पाणी पाइपांतून घरभर फिरतं आणि प्रत्येक खोलीतला रेडिएटर गरम करतं. गेल्या आठवड्यात रेडिएटर गारठले. बाहेर जानेवारीचा बर्फ, आत आम्ही दोघं जॅकेट घालून जेवायला बसलेले. हेरॉल्डला वाटलं आपण एअरपोर्टवर आहोत. आयुष्यभर विमानांत सामान चढवलं त्याने, तेव्हा त्याचीही चूक नाही. दर पाच मिनिटांनी विचारायचा, फ्लाइट कितीची आहे.

डॉक्टरांनी त्याच्या आजाराला लांबलचक नाव दिलंय. मी नुसतं विसरणं म्हणते. वसईतलं, आमच्या गिरीज गावातलं सगळं त्याला लख्ख आठवतं; काल काय जेवला ते विचारू नये. पण एक गोष्ट मात्र तो विसरत नाही. त्याचा दोस्त ॲलन होममध्ये होता, त्याला भेटून आलो त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या हेरॉल्डने माझा हात धरला होता. "पॉलिन, मला तिथे ठेवू नकोस," म्हणाला. मी शब्द दिला. बायकोने नवऱ्याला असे शब्द देऊ नयेत, पण त्याचा चेहरा बघितला असता तर तुम्हीही दिला असता.

आणि तो काही अगदीच हाताबाहेर गेलेला नव्हता, निदान मी तरी तसं धरून चालले होते. त्याला छोटी छोटी कामं द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. नाताळच्या आधीपासून त्याने एक काम आपणहून धरलं होतं. रोज सकाळी मी चहा ठेवायचे तेव्हा वॉशरूममध्ये माझ्यासाठी गरम पाण्याची बादली भरून ठेवलेली असायची. घरात शॉवर आहे, गरम पाण्याचा नळ आहे, त्याचा हीटर वेगळा, पण मी त्याचं मन कशाला मोडू? पाणी जरा लालसर दिसायचं. जुन्या घराचे जुने पाइप, असं म्हणून मी ते गुपचूप ओतून द्यायचे आणि शॉवर घ्यायचे. बाहेर येऊन "काय छान पाणी काढलंस रे" म्हणायचे. रोझरीच्या प्रार्थनेला जमणाऱ्या बायकांनासुद्धा मी तोऱ्यात सांगितलं होतं, बघा, तुमचे बसतात टीव्हीपुढे, माझा अजून बायकोला पाणी काढून देतो.

गुरुवारी नव्या बॉयलरची मापं घ्यायला ईश्वर आला. ईश्वर सुरतचा, ब्रॅम्प्टनला राहतो, आमच्याशी हिंदीत बोलतो. क्रिस्टा सुट्टी टाकून आली होती, म्हणजे मी एकटीने काही ठरवू नये म्हणून. ईश्वर खाली गेला. मग त्याने हाक मारली.

"आंटी, ज़रा नीचे आइए."

माझे गुडघे गेल्यापासून बेसमेंट हेरॉल्डचं राज्य झालंय. कपडेसुद्धा तोच खाली नेऊन मशिनमध्ये टाकतो. मी कठड्याला धरून एकेक पायरी उतरले, मागोमाग क्रिस्टा. ईश्वर बॉयलरपुढे उकिडवा बसला होता. बॉयलरच्या खालच्या बाजूचा नळ टपटप गळत होता आणि जमिनीवर बादलीच्या बुडाचे गंजके गोल उमटले होते, एकात एक, कितीतरी.

"यहाँ से पानी कौन निकालता है?"

मला रोजची ती लालसर पाण्याची बादली आठवली. ईश्वर सांगत होता की हे बॉयलरचं स्वतःचं पाणी असतं, तेच तेच फिरतं, ते कधी काढायचं नसतं. काढलं की नवं पाणी आत येतं आणि आतून गंज चढतो. त्यानेच याची वाट लागली. आणि हे पाणी उकळतं असतं, आंटी, अंगावर पडलं तर कातडी जाईल. मग त्याने बॉयलरच्या पोटाखाली, जिथे गॅसची ज्योत पेटते तिथे हात घातला आणि एकेक वस्तू काढून माझ्यापुढे ठेवली. आमच्या ख्रिसमस ट्रीच्या फांद्या, हातभर लांबीच्या, नीट मोडलेल्या. अंड्यांच्या पुठ्ठ्याचे तुकडे. नारळाच्या दोन करवंट्या. अर्ध्याअधिक जळालेल्या.

बंब. हेरॉल्ड बंब पेटवत होता.

गिरीजला माझ्या सासरी मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता. पहिलं पाणी सासऱ्यांचं, मग दिरांचं, आणि सुनेच्या वाट्याला येईपर्यंत पाणी कोमट. मी नवी नवरी होते, थंडीचे दिवस होते. हेरॉल्ड सगळ्यांच्या आधी उठून करवंट्या घालून बंब पेटवायचा, सासूबाईंच्या नकळत माझी बादली मोरीत ठेवायचा, आणि कुणाला कळू नये म्हणून बंबात पुन्हा पाणी भरून ठेवायचा. या गोष्टीवरून मी त्याच्या प्रेमात पडले, लग्न झाल्यानंतर.

"काय शोधताय तिथे?" तो जिन्यात उभा होता. "हात लावू नका, भाजेल. मी रचलंय ते."

"ओ माय गॉड," क्रिस्टा म्हणाली. "डॅडी, यू कुड हॅव बर्न्ड द हाउस डाउन!"

"पोरी, मी लहानपणापासून बंब पेटवतोय," तो हसत म्हणाला.

मला अजून आशा होती. आशा माझ्या अंगात उपजतच जास्त आहे, माझी आई म्हणायची. मी ईश्वरला विचारलं, नव्या बॉयलरमध्ये असं काही घालता येतं का?

"नहीं आंटी. नया तो पूरा बंद आता है. उसमें तिनका भी नहीं जाएगा. नल पे भी मैं लॉक लगा दूँगा."

"ऐकलंस?" मी क्रिस्टाकडे वळले. "बंद असतो. नवा घेतला की प्रश्नच मिटला."

उत्तर दिलं ते हेरॉल्डने. त्याचा चेहरा उतरला होता.

"बंद? मग तुझं पाणी कुठून काढायचं?"

"नळाला येतं रे. गरम येतं."

"नळाला विहिरीचं येतं," तो मला समजावू लागला, अगदी मायेने. "गार असतं. तू आजारी पडशील. थांब, त्याला बंद करायचा तर करू दे. मी इथे तीन विटा मांडतो, वर टोप ठेवू. तू काळजी करू नकोस."

आणि तो कामाला लागला. शेल्फाखाली टेकू म्हणून लावलेल्या विटा होत्या, त्यातली एक त्याने ओढून काढली, ड्रायरच्या शेजारी गॅसच्या पाइपाला लागून ठेवली, फुंकर मारून तिच्यावरची धूळ उडवली. मग दुसरी आणायला गेला. इतका खुशीत मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

कुलूप लावेन, असं माझ्या मनात आलं. लायटर लपवेन, स्वयंपाकघरातला गॅस काढून टाकेन, त्याच्या मागे मागे फिरेन. पण कुलूप लावलं की तो वर कुठेतरी विटा मांडणार. आणि मी म्हातारी बाई, मी झोपते. तो माझ्या आधी उठतो, आणि उठतो तो माझ्यासाठीच. त्याला रागावून थांबवता आलं असतं, वाईट सवय असती तर मोडता आली असती. ही कशी मोडायची? त्याच्यात आता एवढंच तर उरलंय.

तो दुसरी वीट घेऊन आला. पहिलीच्या समोर ठेवली, हाताने अंतर मोजलं.

"ईश्वर," मी म्हटलं, "पुराना ही रिपेअर कर दो."

"लेकिन आंटी, ज़्यादा दिन नहीं चलेगा."

"चलेगा नहीं तो भी चलेगा."

क्रिस्टा पायरीवर बसून रडू लागली. जिंकली होती ती, तरी. मला तिचा रागही आला आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही, कारण हेरॉल्ड तिसरी वीट मागत होता आणि ती त्याच्या हातून काढून घ्यायचं काम माझं होतं.

संध्याकाळपर्यंत ईश्वरने पंप आणि नळ बदलले, गळती थांबवली. रेडिएटर आधी कण्हले, मग हळूहळू गरम झाले. आम्ही दोघांनी जॅकेटं काढली. स्वयंपाकघरात क्रिस्टा फोनवर कुणाला तरी आडनावाचं स्पेलिंग सांगत होती, डी, मग एम, मग ई, हो, मेल पेशंट, हो, चालता येतं त्यांना.

हेरॉल्डने माझा हात ओढून रेडिएटरवर ठेवला. "गरम झालं बघ," तो म्हणाला. "म्हणजे आता आपल्याला कुठे जायला नको ना?"

"नको," मी म्हटलं.