सासूच्या जागी नवी

"उजेड कुणी खाल्ला गं आज?" मिस्त्री व्हाइसच्या लोखंडी पकडीवर वाकून पुटपुटले.

शटर पार वरपर्यंत उघडं होतं. भर दुपारचं ऊन त्यांच्या चपलांपर्यंत आलं होतं. शेजारी उभ्या बायकोने बाहेरच्या निरभ्र आभाळाकडे पाहिलं, मनातल्या मनात त्याची माफी मागितली आणि म्हणाली, "ढग आलेत हो."

"तरीच. मग तू खूण कर. भोक पट्टीच्या मधोमध यायला हवं."

तिने खडूने खूण केली. आधी नुसती हत्यारं हातात द्यायची, मग पान्यांवरचे आकडे वाचून सांगायचे, आता खुणाही. नवऱ्याचे डोळे व्हायला कुणी शिकवत नाही. भाजीत मीठ टाकता टाकता बाई ते होऊन बसते, आणि झाल्यावर त्याबद्दल बोलायचं नसतं.

मोटरच्या शाफ्टवर घट्ट बसलेली पुली ओढून काढायला बाजारात तयार पुलर मिळतात. मिस्त्रींना ते दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखे वाटत, म्हणून ते स्वतःच घडवत. भंगारातून जाड प्लेट आणायची, तिच्या मध्ये नट वेल्ड करायचा, त्यातून लांब बोल्ट घालायचा आणि दोन्ही बाजूंना टोकाला वाकडे आकडे असलेले हात जोडायचे. आकड्यांनी पुलीला मागून धरायचं, बोल्ट शाफ्टच्या टोकावर टेकवून फिरवत राहायचं. पुली आपसूक पुढे सरकते. भिंतीवर असे सात-आठ पुलर टांगलेले होते आणि प्रत्येकाला नाव होतं. छोटा, कधीमधी उपयोगी पडणारा मेहुणा. गोंजारल्याशिवाय न चालणारा जावई. आणि सगळ्यात मोठी सासू. एकदा धरलं की सोडायची नाही.

गेल्या महिन्यात त्या सासूनेच सोडलं. धाकटा भाऊ बोल्ट आवळत असताना मिस्त्रींनी नुकताच पुन्हा वेल्ड केलेला तिचा एक हात जोडातून निखळला आणि त्याच्या खांद्यावर बसला. गळ्याजवळचं हाड मोडलं. "भंगारातलं लोखंड दादा, कुजकंच निघालं," असं सगळ्यात आधी तोच म्हणाला, दवाखान्याच्या खाटेवर, दात-ओठ आवळत. मग घरात ज्याने त्याने लोखंडालाच शिव्या घातल्या. लोखंड बिचारं उलटून बोलत नाही.

आज त्या सासूच्या जागी नवी घडत होती, कारण बर्फाच्या कारखान्याची मोटर दारात येऊन पडली होती. कारखान्याचा माणूस उंबऱ्यावर बसून जीव खात होता.

"मिस्त्री, तुमच्या सासूबाई उभ्या कधी राहणार? तोवर माझ्या बर्फाचं पाणी होईल. पाणी विकत बसू का मी?"

"घाई केली की लग्नं बिघडतात," मिस्त्री म्हणाले. "सासूचं तर बोलूच नका."

माणूस हसला. गळ्यात झोळी घालून, हात तिच्यात अडकवून बसलेला धाकटाही हसला, पण वहिनीकडे न बघता.

मिस्त्रींनी वेल्डिंगचा मुखवटा चढवला. "काळ्या काचेमागे सगळेच आंधळे," असं ते नेहमी गमतीने म्हणायचे. आज म्हणाले नाहीत. ठिणग्या उडाल्या. बायकोने तोंड फिरवलं आणि कान तिकडे ठेवला. तेलात काही तळावं तसा चरचर आवाज, कुठे तुटणं नाही, कुठे घाई नाही. हात तोच होता. तिला एकदम बरं वाटलं.

मग मिस्त्रींनी लोखंडावर पाणी ओतलं, हातोडीने वरची खपली उडवली आणि बायको बघायला वाकली.

वेल्डिंगचा टाका माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा पडला होता. देखणा, सरळ. फक्त तो जोडावर नव्हता, बोटभर बाजूला होता. जोड तसाच उघडा, शिवण न घातलेल्या कापडासारखा. शेवटी कुठेतरी एका टोकाला जेमतेम पकडला होता.

धाकट्यानेही पाहिलं.

"कसा झालाय रे?" मिस्त्रींनी विचारलं.

"झक्कास, दादा." धाकटा म्हणाला.

"मग लाव."

धाकटा उठला. चांगल्या हाताने त्याने आकडे पुलीमागे अडकवले, बोल्ट शाफ्टवर टेकवला, लांब पाना चढवला. बर्फवाला कौतुकाने समोर येऊन वाकला. "जरा मागे व्हा," धाकटा त्याला म्हणाला. स्वतः मात्र तिथेच उभा राहिला. थप्पड बसणार हे ठाऊक असलेलं पोर घेतं तशी त्याने मान थोडी बाजूला घेतली, आणि पान्यावर जोर द्यायला लागला.

वहिनीने पाना धरला.

"भाऊजी, सोडा."

"वहिनी, होईल. मी हळूच—"

"सोडा म्हणते ना!"

ती दुकानात कधी ओरडली नव्हती. मिस्त्रींनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "काय झालं गं?"

  ती म्हणाली, "अहो, हात आणा इकडे."

तिने त्यांचा अंगठा टाक्यावर ठेवला. अजून ऊब होती. तो खवल्यांवरून फिरला आणि मिस्त्रींच्या चेहऱ्यावर जुनं समाधान आलं. मग तिने तोच अंगठा बोटभर बाजूला सरकवला. नख फटीत गेलं.

अंगठा तिथेच थांबला. परत टाक्यावर आला. परत फटीत गेला.

"प्लेट सरकली असेल दादा," धाकटा घाईघाईने म्हणाला. "ती पकडच ढिली आहे. मी मागेच म्हणत होतो, नवी घेऊ—"

"गप रे."

बर्फवाला या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिला. मिस्त्रींनी कपाळावरचा मुखवटा काढला आणि दोन्ही हातांत धरला. भावाचा श्वास जिकडून ऐकू येत होता तिकडे तोंड केलं.

"मला दिसत नाही रे," ते म्हणाले. "सासूचा हात जोडला त्या दिवशीही दिसत नव्हतं."