नऊ मिलिमीटर

रंगनाथनानांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्मी वणीच्या गडाच्या घाटात. निवृत्त झाल्यावर ते वणीजवळच्या आपल्या गावी द्राक्षबाग बघायचे, पण गाड्यांचा विषय निघाला की बाग बाजूला राहायची. घरात हा विषय काढणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे त्यांची सून तृप्ती. मुलगा महेश शाळेत गणित शिकवायचा. चालू झाली आणि थांबली की त्याच्या लेखी गाडी चांगली.

दोघं नाशिकला राहायचे. तृप्ती तिथल्याच अंबड भागातल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होती. दिवसभर सुट्या भागांची मापं घ्यायची, दशांश मिलिमीटरचा फरक पडला तरी माल परत पाठवायची. लग्नाआधी तिनं एक जुनी, छोटी लाल गाडी घेतली होती. लग्नानंतर तिच्या स्प्रिंगा बदलून तिनं ती दीड इंच खाली बसवली. गावी नेली तेव्हा नाना तिच्याभोवती फिरले आणि म्हणाले, "पोरी, ही म्हशीवानी खाली बसली का गं?"

"वळणावर बघा नाना. झुकत नाही अजिबात."

तिनं त्यांना गडाच्या घाटातून फिरवून आणलं. उतरताना ते गंभीर झाले होते. "लय धरून चालती," म्हणाले. सासूबाईंना, लंकाबाईंना, त्यांनी हे चार वेळा सांगितलं.

फेब्रुवारीत नाना डोळे तपासायला नाशिकला आले, तेव्हा तृप्ती नवी चाकं बसवायला निघाली होती. पंधरा इंची अलॉय आणि त्यावर रुंद टायर. आधीची तेरा इंची बारीक चाकं तिला कधीच आवडली नव्हती. नाना म्हणाले, "मी बी येतो."

मुंबई नाक्याकडच्या टायरवाल्याचं नाव ओम. त्यानं चाकं चढवली, मग दुकानातली दोन माणसं मागच्या सीटवर बसवली आणि डिकी धरून गाडी जोरात दाबली. मडगार्डच्या आत पत्र्याची एक कड असते, तिथं त्यानं बोट घातलं.

"ताई, दोघं पुढे बसाल तर काही नाही. मागे तीन माणसं बसली आणि खड्डा आला, की डावं टायर इथे घासणार. कड गरम करून आत वळवून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"रंग फुटेल ना पण?"

"फुटू शकतो. वरून टचिंग करून देईन."

तृप्तीनं खिशातून पट्टी काढून माप घेतलं. मागे कोणी नसताना टायर आणि कड यांच्यात नऊ मिलिमीटर जागा होती. रंग तिनं आदल्याच महिन्यात करून घेतला होता. "पुढच्या महिन्यात येते," ती म्हणाली. "आमच्या मागे बसतंय कोण?"

बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "वळवून घे पोरी. एसटीत आम्ही असलं काम उद्यावर नाय टाकायचो."

"घेते नाना."

मार्चमध्ये कारखान्यात ऑडिट होतं. एप्रिलमध्ये ओम त्याच्या गावी गेला होता. गाडी सुंदर दिसत होती.

मे महिन्यात शनिवार-रविवार धरून दोघं गावी गेले. रविवारी सकाळी नाना चहा घेऊन ओट्यावर बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि छाती चोळायला लागले. "गच्च झाल्यासारखं वाटतंय," म्हणाले. कपाळावर घाम होता. महेश आणि तृप्तीनं त्यांना गाडीतून वणीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कार्डिओग्राम काढला, एक गोळी चघळायला दिली आणि महेशला बाजूला घेऊन सांगितलं, "ताबडतोब नाशिक. वेळ घालवू नका." ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेली होती.

"मी चालवते," तृप्ती म्हणाली. तिच्याइतकी चांगली गाडी घरात कोणीच चालवत नव्हतं.

पुढची सीट तिरपी करून नानांना बसवलं. मागे लंकाबाई, महेश आणि लंकाबाईंना मोटारसायकलवरून घेऊन आलेला महेशचा चुलत भाऊ सोमनाथ. सोमनाथ अंगानं भरलेला होता. नाशिकला नानांना उचलायला माणूस लागेल म्हणून तो बसला.

वणी सोडून पाचेक किलोमीटर झाले आणि मागून खर्रर्र असा आवाज आला. मग प्रत्येक उंचवट्याला यायला लागला. जळक्या रबराचा वास आत शिरला.

"कसला आवाज आहे?" महेशनं विचारलं.

तृप्तीनं वेग कमी केला, आवाज थांबला. वाढवला, पुन्हा सुरू झाला. नानांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी ते उघडले नाहीत, पण हात जरा वर केला.

"सोम्याला उतरव," ते म्हणाले.

तिनं गाडी कडेला घेतली. सोमनाथ काही न विचारता उतरला. पुढं आवाज कमी झाला, पण बंद झाला नाही. दिंडोरी गेली. रस्ता मोकळा होता आणि तृप्तीनं वेग वाढवला. डोक्यात फक्त हॉस्पिटलचं गेट होतं. एका पुलाजवळ रस्ता खचलेला होता, तो तिला उशिरा दिसला. मागून फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि गाडीचं बूड डावीकडे खेचलं गेलं.

"ब्रेक नको!" नाना म्हणाले. आवाज अगदी घाटातल्या ड्रायव्हरचा. "सोड, हळू सोड तिला."

तिनं पाय काढला. गाडी डुलत डुलत पुढं गेली आणि थांबली.

महेश आधीच डिकी उघडत होता. स्टेपनी निघाली, जॅक निघाला, पण तो गाडीखाली जाईना. खाली बसवलेली गाडी, त्यात टायर सपाट, जमिनीपासून चार बोटं जागा राहिली होती. बुटका जॅक तृप्तीनं घेतला होता, तो घरी जिन्याखाली होता. महेश पुन्हा पुन्हा जॅक सरकवून बघत होता. "का जात नाही हा? तृप्ती, का जात नाही?"

ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. पहिल्या दोन गाड्या वळसा घालून गेल्या. मग भाजीची एक पिकअप थांबली. ड्रायव्हर आणि महेश यांनी नानांना केबिनमध्ये घेतलं. आता तिथं तृप्तीला जागा नव्हती. लंकाबाई मागे कोथिंबिरीच्या जुड्यांमध्ये चढल्या आणि दोरी धरून बसल्या. पिकअप निघताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

तृप्तीनं खाली बसून टायर पाहिलं. कडेनं वीतभर कापलं गेलं होतं, सुरीनं कापावं तसं सरळ.

पाऊण तासानं महेशचा फोन आला. तो नुसता श्वास घेत राहिला. तिनंच विचारलं, "गेले?" तो म्हणाला, "म्हसरूळपाशी. नाशिक आलंच होतं."

घरी माणसं आली, गेली. दशक्रिया झाली, तेरावं झालं. जो तो तृप्तीला समजावत होता. टायर फुटणं काय कुणाच्या हातात असतं, म्हणत होता. महेशनं डॉक्टरांना विचारलं होतं, अर्धा तास आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले होते, सांगता येत नाही. महेशनं त्याचा अर्थ असा लावला की काही फरक पडला नसता. तेच तो सगळ्यांना सांगायचा. आणि पुढं म्हणायचा, "फुटल्यावर गाडी पलटी झाली असती. हिनं सांभाळली म्हणून आम्ही तरी आहोत."

तृप्ती ते ऐकायची आणि उठून आत जायची.

जूनमध्ये तिनं लंकाबाईंना सगळं सांगितलं. त्या मागच्या पडवीत शेंगा फोडत होत्या. ओमनं काय सांगितलं होतं, नाना काय म्हणाले होते, तिनं पट्टी लावून माप घेतलं होतं आणि रंगासाठी काम पुढं ढकललं होतं, एवढं सगळं. लंकाबाईंचे हात थांबले. त्यांनी विचारलं, "म्हंजी त्यांना गाडीत ठावं व्हतं, कशाचा आवाज हाय ते?"

"हो आई."

"तरी तुला काय बोल्ले नाय."

"नाही."

लंकाबाईंनी पदर तोंडाला लावला. रडून झाल्यावर म्हणाल्या, "महेशला नको सांगू. तो बापावर गेलाय, मनात धरून ठेवील. माझं एक माणूस गेलंय. आता तुमच्यात काय झालं तर मी कुणाकडं बघू?"

तृप्तीनं शब्द दिला. तो दोन महिने पाळला. जुनी बारीक चाकं परत चढवली, स्प्रिंगाही मूळच्या बसवल्या. महेशला वाटलं, तिला ती रुंद चाकं आता बघवत नाहीत. तो तिच्याशी पूर्वीपेक्षा मायेनं वागत होता. सकाळी चहा करून द्यायचा. ती झोपेत दचकली की पाठीवर हात ठेवायचा. ऑगस्टमध्ये त्याच्या शाळेतले लोक भेटायला आले. त्यांच्यासमोर त्यानं पुन्हा तेच सांगितलं, हिनं सांभाळली. पाहुणे गेल्यावर तृप्ती म्हणाली, "असं म्हणू नकोस," आणि मग तिला थांबता आलं नाही.

तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे रंगासाठी."

"हो."

"आणि आईला माहितीये?"

"जूनपासून."

त्यानं मान हलवली, गणित सुटलं की हलवायचा तशी. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं दुसऱ्या दिवशी शाळेजवळ एका सहकाऱ्याच्या घरातली रिकामी खोली घेतली. काही दिवस, म्हणाला. कपडे नेले, पुस्तकं नेली.

आता फेब्रुवारी आहे. महेश शनिवारी शाळा सुटली की आईकडे जातो आणि रविवारी पहाटेच्या बसनं परततो. तृप्ती रविवारी दहाच्या सुमाराला पोचते. कोणी कोणाला टाळतंय असं तिघांपैकी कोणीही बोलत नाही. लंकाबाई आदल्या संध्याकाळी महेशसाठी शेवभाजी करतात, दुसऱ्या दिवशी तृप्तीसाठी पुन्हा ताजी करतात. शिळी वाढत नाहीत.

गेल्या रविवारी जेवताना त्या म्हणाल्या, "तो विचारत व्हता, तुझा खोकला गेला का."

तृप्तीचा हात ताटात थांबला. "तुम्ही काय सांगितलं?"

"म्हन्लं, तूच जाऊन इचार." लंकाबाईंनी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. "उठून भाईर गेला."

दोघी जेवत राहिल्या. बागेत ऑक्टोबरात छाटलेल्या काड्यांचे ढीग अजून तसेच पडले होते, ते उचलायला माणूस बघायला हवा, असं लंकाबाई म्हणाल्या. तृप्ती म्हणाली, "मी उचलते." ताट धुऊन ती बागेत गेली आणि उन्हं उतरेपर्यंत काड्या ओढत राहिली.