तुलनेची बाटली

तिनं पाचव्या बाटलीतलं पाणी परीक्षानळीत घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले आणि लाल रंग यायची वाट बघत बसली. रंग आला नाही. पाणी जसंच्या तसं राहिलं, नुकतं नळाखालून आणल्यासारखं.

बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांचा घोळ झाला असणार, म्हणून तिनं चिठ्ठ्या तपासल्या. त्या बरोबर होत्या. पाचही बाटल्यांत बंद पडलेल्या कारखान्यामागच्या तळ्याचं पाणी होतं आणि प्रत्येकीत वेगळ्या जागची चिमूटभर माती. कुठल्या मातीतले सूक्ष्मजीव पाण्यातलं रसायन खाऊन संपवतात, एवढंच बघायचं होतं. रसायन शिल्लक असलं की औषधानं पाणी लाल व्हायचं. चार बाटल्यांत तळ्याकाठची माती होती; त्या कमीअधिक लाल झाल्या. पाचवी नुसती तुलनेची. तिच्यात स्वच्छ माती हवी, म्हणून तिनं आपल्या घराच्या परसातली आणली होती. लालभडक व्हायची ती हीच, आणि हीच होत नव्हती.

तिनं सगळं नव्यानं लावून पाहिलं. तरी घरची बाटली लाल होईना.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम हरखून गेल्या. इतकी वर्षं आपण गावभर ज्याच्या मागे हात धुऊन लागलो, ते हिच्या परसात आरामात बसलंय, असं त्या येईल त्याला सांगत सुटल्या. मग त्यांच्याही मनात शंका आली आणि त्या तिच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, पण ते रसायन वर्षानुवर्षं मिळाल्याशिवाय या जीवांना ते पचवायची सवय लागत नाही. तुमच्याकडे ते कुठून आलं?"

"माहीत नाही," ती म्हणाली.

चांगलं माहीत होतं. बाबांची सगळी नोकरी त्याच कारखान्यात गेली. घरी आले की कामाचे कपडे ते परसात काढून टाकायचे आणि आई ते धुण्याच्या दगडावर हातानं घासायची. मशीनमध्ये घातले तर घरभरच्या कपड्यांना वास लागायचा. ते पाणी दगडावरून उतरून कुंपणाच्या कडेला जिरायचं. पुढे आईच्या रक्तात काहीतरी बिघडलं आणि ती गेली. कशानं, ते डॉक्टरांना काही सांगता आलं नाही. आता ते बाटलीनं सांगितलं होतं. तिच्या काळजात धस्स व्हायला हवं होतं, पण झालं काहीच नाही. तिनं नळ्या धुतल्या, पालथ्या घातल्या, आणि मॅडमनी आणखी पिशवीभर माती मागितली तेव्हा बरं म्हणाली.

बाबांना हे कळू द्यायचं नाही, एवढं एकच तिनं वाटेत ठरवलं. आपल्याच कपड्यांतून आपण ते घरी आणलं, हे कळलं तर या वयात ते कुणाच्या तोंडाकडे बघून दिवस काढणार? आई गेल्यापासून त्यांना झाडं आणि तिच्या बाटल्या, दोनच विषय उरले होते. विष मुरलेल्या मातीतच असे जीव तयार होतात, आणि आपली माती स्वच्छ म्हणून आपली बाटली लालच होणार, हे सगळं तिनंच त्यांना हौसेनं समजावलं होतं. तेव्हापासून त्यांना थट्टेला निमित्त मिळालं होतं. ती दारात पाऊल टाकते न टाकते तोच त्यांचा प्रश्न तयार असे, आणि अजून तपासायची आहे म्हणून ती वेळ मारून नेत असे.

आजही ती चप्पल काढत होती तेवढ्यात ते आले.

"काय मग, आपली बाटली लाजली का?"

हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. सबंध वाटभर तिनं ते हो घोकलंही होतं. पण दिवसभर बधिर झालेल्या माणसाला खोटं बोलण्याइतकाही जोर लावता येत नाही.

"नाही," ती म्हणाली. मग घाईघाईनं, "काहीतरी चुकलंय. परत करायचंय. थोडी माती लागेल, तुलनेलाच."

बाबांनी काय चुकलं ते विचारलं नाही. एरवी त्यांनी उभ्या उभ्या दहा शंका काढल्या असत्या. त्यांनी हातातला कप ठेवला, खुरपं घेतलं आणि ते परसात उतरले. ती पिशवी घेऊन मागोमाग गेली.

"कुठलीही चालेल बाबा. गुलाबाजवळची घ्या."

ते गुलाबावरून पुढे गेले, लिंबाच्या झाडावरून पुढे गेले. धुण्याचा दगड त्यांनी आई गेल्यावर उपटून टाकला होता आणि तिथे आता नुसतं गवत माजलं होतं. दगडाच्या जागेपासून ते चार पावलं कुंपणाकडे गेले आणि गुडघे धरत खाली बसले. पहिली माती तिनं नेमकी इथूनच नेली होती, पण हे तिनं त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

ते गवत बाजूला करून खणू लागले. ओंजळ ओंजळ माती पिशवीत पडत होती.

"शेवटी शेवटी तिच्या हातांची सालं निघायची," बाबा म्हणाले. "मी म्हणायचो, साबण बदल."

तिनं पिशवी आणखी जवळ धरली.

पिशवी भरली. ते थांबले नाहीत.

"बाबा, पुरे."

"ने गं. लागेल तितकी ने," ते म्हणाले. "इथे खूप आहे."

दुसरी पिशवी आणायला तिनं आत जायला हवं होतं. ती त्यांच्या शेजारी खाली बसली आणि भरलेल्या पिशवीचं तोंड उघडं धरून राहिली.