पेरूच्या पानांच्या गुळण्या

आत्याच्या हिरड्यांतून रक्त यायचं. हिरड्यांखालची घाण काढून घ्या, नाहीतर दात हलतील, असं दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पण आत्या त्या खुर्चीला भयंकर घाबरते. आणि मी पडले घरातली शहाणी! प्रयोगशाळेत हिरड्यांच्या जंतूंवर पेरूच्या पानांचा अर्क तपासत होते. अर्कात बुडवलेली कागदाची चकती जंतूंच्या बशीत ठेवली की दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ दिसायचं. तेवढ्या जागेतले जंतू खलास. मग काय, अर्कातलं अल्कोहोल उडवलं, उरलेलं पाण्यात कालवलं आणि बाटली घरी आणली.

“डॉक्टरकडे जायची गरज नाही, आत्या. रोज याच्या गुळण्या कर.”

“तू म्हणतेस ना, मग झालं तर,” ती म्हणाली आणि शेजारीपाजारी माझं कौतुक सांगत सुटली.

तिसऱ्या महिन्यात माझे डोळे उघडले. चकत्या अल्कोहोल उडेपर्यंत पूर्ण वाळवून ठेवायच्या असतात. मी घाईघाईत ओल्याच ठेवत आले होते. नुसत्या अल्कोहोलची चकती ठेवून पाहिली, तर तेवढंच वर्तुळ! वाळवलेल्या अर्काच्या चकतीला चिकटून मात्र जंतू मजेत वाढले होते.

प्रयोगशाळेतल्या सरांना त्याच दिवशी सांगितलं. आत्याला सांगायला काही जीभ रेटेना. आज सांगू, उद्या सांगू करत पाच आठवडे गेले. रोज सकाळी मोरीतून तिच्या गुळण्यांचा आवाज यायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग एके दिवशी जेवताना तिचा खालचा दात हातात आला. तेव्हा कुठे तिला घेऊन गेले.

“आणखी दोन हलताहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “महिनाभर आधी आला असतात तर वाचवता आले असते. इतके दिवस काय करत होतात?”

“पेरूच्या पानांच्या गुळण्या.”

“कोणी सांगितल्या?”

आत्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“शेजारणीनं.”

“कमाल आहे! भाची प्रयोगशाळेत काम करते म्हणता आणि शेजारणीचं ऐकता?” बाई माझ्याकडे वळल्या.

मी सांगितल्या. एवढंच म्हणायचं होतं.

“मी कधीची सांगतेय हिला,” मी म्हणाले. “ऐकतच नाही.”

आत्यानं तोंडातला कापूस दाताखाली नीट धरला.

“हो,” ती म्हणाली. “हिचं ऐकायला हवं होतं.”