जळबामामांचे पंचेचाळीस दिवस

मी एक जुनी फुंकायची मशीन आहे. माझं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी. हिंगोलीत ते आजवर एकालाही धड म्हणता आलं नाही, म्हणून मीही त्याचा नाद सोडला. मित्रांनो, मी तुमच्या कंपासपेटीएवढी. पुढं पुठ्ठ्याची नळी, वर छोटा पडदा आणि तीन दिवे. माणसानं छाती भरून श्वास घ्यायचा, पंधरा अंक मोजेपर्यंत धरायचा आणि मग हळूहळू माझ्यात सोडायचा. बिडी-सिगारेटच्या धुरातला विषारी वायू अंगात किती उरलाय, ते मी आकड्यात सांगते. सहापर्यंत हिरवा दिवा, दहापर्यंत पिवळा, त्याच्या पुढं लाल.

कारखान्यात मला कितीतरी वेळा तपासलं आणि 'पास'चा शिक्का मारला. तेव्हापासून मी जरा शेफारलेच. मी कधी चुकत नाही, असं मला वाटायचं. मग खोक्यातून प्रवास करत मी हिंगोलीच्या एका दवाखान्यात शबनम मॅडमच्या टेबलावर आले. दाखल झालेल्या रोग्यांची बिडी सोडवणं हे त्यांचं काम.

सुरुवातीला लोक मला बघून बिचकायचे. रतनसिंग नावाचा एक ट्रकवाला तर हातच जोडून उभा राहिला. "मॅडम, दारू को हाथ भी नहीं लगाया!" त्याला वाटलं, पोलिसांची मशीन दवाखान्यातही आली. अख्खा वॉर्ड हसला. मॅडमही हसल्या, पण त्यांनी त्याला खुर्ची दिली, आधी स्वतः फुंकून दाखवलं आणि मग त्याच्यापुढं नवी नळी धरली. काय सांगू तुम्हाला, त्या बाईंचा धीर! कुणावर आवाज चढवायचा नाही. कुणाला 'व्यसनी' म्हणायचं नाही. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "उठल्यावर पहिली बिडी केव्हा लागते?"

जळबामामांना हा प्रश्न विचारला, तेव्हा ते म्हणाले, "उठायच्या आधी."

जळबामामा सिद्धेश्वर धरणाकडच्या एका खेड्यातले. बिडीनं त्यांच्या पायाच्या नसा बंद होत चालल्या होत्या. उजव्या पायाचा अंगठा काळपट पडू लागला होता, त्याच्या शेजारी जखम चिघळली होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "मामा, बिडी पूर्ण सुटली तर पाऊल वाचंल. एक जरी चालू राहिली तर आधी बोट जाईल, मग पाऊल." हे ऐकून त्यांच्या घरवालीनं, कमलबाईंनी, पदर तोंडाला लावला. मामांनी माझ्यात फुंकलं. अठ्ठावीस! माझा लाल दिवा नुसता पेटला.

मॅडम रोज त्यांच्या खाटेशी बसायच्या. तलफ आली की ओवा-बडीशेप चघळायची, गार पाणी प्यायचं, दहा मिनिटं जाऊ द्यायची. बिडी सोडून तंबाखू-सुपारीचा खर्रा धरायचा नाही, हेही बजावलं. पहिले चार दिवस मामा उशी आपटत होते, कमलबाईंवर खेकसत होते. पाचव्या दिवशी आकडा आला तीन. वॉर्डातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मामा नव्या नवरदेवासारखे लाजले. चाळीस दिवसांनी पाय दाखवायला यायचं ठरलं.

मध्यंतरी माझे वाईट दिवस आले. मॅडमचं दुसरीकडं ट्रेनिंग लागलं आणि मी कपाटात रिकाम्या खोक्यांखाली पडले. बॅटरी संपली, नळीच्या तोंडाशी धूळ बसली. मॅडम परतल्या, त्यांनी मला शोधलं, पुसलं, तपासून घेतलं. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मामा आले.

मला कोण आनंद झाला होता! मामांनी छाती भरून श्वास घेतला, ऐटीत फुंकलं. मॅडमनी पडद्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पंधरा. लाल दिवा.

"मामा," त्या हळू म्हणाल्या, "किती ओढल्या?"

"एकबी न्हाई."

"खरं सांगा. मी रागावणार न्हाई."

"खरंच सांगून राहिलो. पंचेचाळीस दिस झाले, बिडीला शिवलो न्हाई."

कधी न चढणारा मॅडमचा आवाज त्या दिवशी चढला. "मग हा आकडा काय खोटा हाय? पाय तुमचा हाय मामा, माझा न्हाई. मला फसवून काय मिळणार तुमाला?"

मामांनी कमलबाईंकडं बघितलं. त्या बिचाऱ्या माझ्या लाल दिव्याकडं बघत होत्या. मामांचा चेहरा असा काही झाला, की मला तो दिवा विझवता आला असता तर मी विझवला असता. ते उठले, चप्पल पायात सरकवली आणि लंगडत बाहेर गेले.

कमलबाई तिथंच रडायला लागल्या. "बाई, मलाबी कळंना. तलफ आली की भिंतीला डोकं टेकून बसते माणूस, पण मागत न्हाई. आज तर ओढायला येळबी नव्हता. पहाटपासून कुकरापाशी बसून होते, तिथूनच तसेच उठून आले."

"कोणता कुकर?"

"हळद शिजवायचा. उभं राहून काम व्हत न्हाई ना आता, म्हून बसल्या जागी जाळ घालायचं काम घेतलं. समदा धूर तोंडावर."

मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. मित्रांनो, आता माझी लाजिरवाणी गोष्ट सांगते. लाकडाच्या धुरातही तोच वायू असतो. बिडीचा कोणता आणि जाळाचा कोणता, हे मला ओळखता येत नाही. माझ्यासोबत आलेल्या पुस्तिकेत ते स्पष्ट लिहिलंय आणि मॅडमनी ते वाचलेलंही होतं. आजूबाजूची निम्मी हळद लाकडाच्या जाळावर शिजते, तरी ऐन हळदीच्या दिवसांत विचारायचं त्या विसरल्या. आणि मी? मी फक्त आकडा दाखवून मोकळी!

मॅडम धावल्या. मामांच्या केसपेपरसकट मी त्यांच्या हातातच राहिले होते, म्हणून पुढचं सगळं बघितलं. फाटकाबाहेर मामा उभे होते. एका ऑटोवाल्याकडून मागून घेतलेली बिडी ओठात, काडी पेटीवर टेकवलेली.

"मामा, थांबा!"

"काहून थांबू?" मामांचा आवाज फाटला होता. "न ओढता आळ आला. आता ओढतोच. पाय जाऊ द्या मसणात!"

मॅडमनी चार लोकांसमोर हात जोडले. "मामा, मी चुकले. जाळाच्या धुरानंबी आकडा वाढते. तुमी कुठून आले, काय काम करून आले, मी विचारलंच न्हाई. नुसतं मशिनीचं ऐकलं, तुमचं न्हाई ऐकलं. माफ करा."

काडी तशीच राहिली. मग मॅडमनी मामांचा केसपेपर उघडला, ऑटोच्या टपावर ठेवला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचला, "बिडी बंद. पंचेचाळीस दिवस." आणि खाली सही ठोकली.

"अन् मशीन?" मामांनी विचारलं.

"तिला राहू द्या. मी तुमचं ऐकलं."

मामांनी त्या सहीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी ओठातली बिडी काढली आणि चुरगाळून नालीत टाकली. ऑटोवाला म्हणाला, "ओ मामा, माझी बिडी!" कमलबाई रडता रडता हसल्या. खरं सांगते, मित्रांनो, मी हजारो श्वास मोजले, पण ओठाशी आलेली बिडी असा अपमान गिळून परत काढणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. आणि रोग्यापुढं हात जोडून 'मी चुकले' म्हणणाऱ्या मॅडमही एकच.

पण मामा हट्टाचे. "मला फुंकायचंच हाय. हिला दाखवतो." ते दिवसभर वऱ्हांड्यात बसून राहिले. अधूनमधून खिडकीतून माझ्याकडं रागानं बघत होते आणि मी आपली मुकाट. पाच वाजता मॅडमनी नवी नळी लावली. मामांनी श्वास धरला. पंधरा अंक मोजायला इतका वेळ लागतो, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी फुंकलं.

सहा. हिरवा!

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी पट्टी सोडली, जखम दाबून बघितली, पावलाला हात लावून बघितला. जखम भरत आली होती, अंगठ्याचा काळपटपणा उतरला होता, पाऊल कोमट लागत होतं. "बोट काढायची गरज न्हाई," ते म्हणाले. "पाय राहील. अशीच बंद ठेवा."  मामांनी दोन्ही हातांनी आपलं पाऊल धरलं आणि ते ओक्साबोक्शी रडले.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, मला पुसा, कपाटात टाकून देऊ नका, हे तर मी सांगणारच. पण एक विनंती त्याहून मोठी आहे. तुमच्या घरात कुणी बिडी, तंबाखू सोडायला झटत असेल, तर त्याचे खिसे चाचपू नका, तोंडाचा वास घेऊ नका. शेजारी बसून 'आज दिवस कसा गेला?' असं विचारा. तो 'न्हाई ओढली' म्हणाला, तर आधी त्याचं ऐका. तपासणी काय, संध्याकाळीही करता येते. रागानं उठून गेलेल्या माणसाला गाठायला मात्र दर वेळी कुणी फाटकापर्यंत पोचेलच, असं नाही.