थर्ड शिफ्टची झोप

विजयश्री मॅडमचा आवाज असा खणखणीत, की त्या नववी ‘ब’वर शिकवायला लागल्या की शेजारच्या ‘क’मधली पोरं आपोआप सरळ बसत. एकोणीस वर्षं त्या या मुलांच्या शाळेत विज्ञान शिकवत होत्या आणि एकोणीस वर्षं त्यांचा एकच मंत्र होता. मोठ्यानं वाचा. जे तोंडात येतं तेच डोक्यात राहतं. ओठ मिटून पुस्तकासमोर बसणारा मुलगा अभ्यास करत नसतो, अभ्यासाचं सोंग करतो, असं त्यांचं ठाम मत होतं. पालकसभेत त्या हेच सांगत आणि मुलांच्या डायरीत लाल शाईनं लिहून देत, ‘घरी रोज एक तास मोठ्याने वाचून घ्यावे.’ खाली पालकांची सही. पालक निमूट सही करत. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कंपन्यांत राबणारी माणसं ती, मॅडमच्या शब्दापुढे कशाला जातील?

सहामाही परीक्षा झाली आणि निरंजन ढवळेचं प्रकरण उभं राहिलं. पोरगा नववी ‘ब’चा, मधल्या बाकावरचा, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. विज्ञानाच्या लेखी पेपरात त्याला चाळीसपैकी अडतीस पडले. उत्तरं पुस्तकातली, अगदी स्वल्पविरामासकट. आणि तोंडी परीक्षेला हाच पोरगा वर्गासमोर उभा राहिला तो खांबासारखा. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मॅडम तीन वेळा म्हणाल्या, “मोठ्यानं.” तिसऱ्या वेळी पोरं फिदीफिदी हसली आणि निरंजनचे ओठही हलायचे थांबले. दहापैकी शून्य.

लेखीत अडतीस आणि तोंडीत शून्य. मॅडमनी गणित मांडलं आणि उत्तर आलं, कॉपी. आता कॉपी म्हणजे या शाळेत साधी गोष्ट नव्हती. पेपर शून्य, पालकांकडून हमीपत्र, आणि दहावीला दुसरी शाळा बघा. दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा असतो ना, मग डागाळलेलं पोरगं कोण ठेवतो? तरी मुख्याध्यापकांकडे कागद पाठवायच्या आधी बापाला एकदा विचारावं, एवढा विचार मॅडमनी केला. शिस्तीच्या होत्या, पण मनानं वाईट नव्हत्या.

बाप आला तो दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी, साडेअकराला. गोरक्ष ढवळे, मूळचा आष्टीकडचा, आठ वर्षं चाकणला एका कंपनीत पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर. कायमची थर्ड शिफ्ट, कारण नाईटचा भत्ता मिळतो आणि त्यातून खोलीचं भाडं निघतं. शिफ्टनंतर चार तास ओव्हरटाइम करून, कंपनीच्या बसमधून उतरून तसाच आला होता. अंगावर युनिफॉर्म, डोळे लाल. बाकी शिक्षक वर्गांवर गेलेले, शिक्षकांच्या खोलीत कुणी नव्हतं. मॅडमनी त्याला खुर्ची दिली आणि निरंजनला बोलावून घेतलं.

“घरी अभ्यास करतो का हा? खरं सांगा.”

गोरक्षनं पोराकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “खोटं कशाला बोलू मॅडम. मी दिवसा घरीच असतो. पण लेकराला वाचताना मी कधी ऐकलं नाही. माझ्या मेव्हण्याचं पोरगं वाचतंय तर रस्त्यापर्यंत आवाज येतोय. आमचं आपलं मुकंच. लई बोललो त्याला, पण पालथ्या घड्यावर पाणी.”

“डायरीत मोठ्यानं वाचून घेतल्याच्या सह्या आहेत तुमच्या.”

“त्या केल्या बगा मी. पोरानं डायरी पुढं केली की करायचो. चूक झाली.”

झालं. बापानंच पोराच्या पायावर धोंडा मारला. मॅडम हमीपत्राचा छापील कागद आणायला कार्यालयात गेल्या. जाताना त्यांना थोडं समाधानही वाटलं, आपला अंदाज कधी चुकत नाही म्हणून.

पाच-सात मिनिटांनी त्या परतल्या तर गोरक्ष खुर्चीत झोपला होता. मान एका खांद्यावर पडलेली, तोंड किंचित उघडं. निरंजन त्याच्या बाजूला उभा होता आणि त्यानं खिडकीचं दार एका हातानं धरून ठेवलं होतं, वाऱ्यानं आपटू नये म्हणून.

“ढवळे,” मॅडम आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या.

आणि निरंजननं ओठांवर बोट ठेवलं. शिक्षकांसमोर. एकोणीस वर्षांत मॅडमना असं बोट कुणी दाखवलं नव्हतं. त्यांचं रक्त तापलं, शब्द जिभेवर आले. पण पोराच्या तोंडावर उर्मटपणा नव्हता, नुसती काळजी होती. “मॅडम, हळू,” तो कुजबुजला. “आत्ताच डोळा लागलाय. आज रात्री परत ड्युटी आहे.”

समोरचा कुजबुजला की आपणही कुजबुजतो, तसंच मॅडमचं झालं. राग गिळून त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, “पेपर कसा लिहिलास ते सांग.”

“पाठ होतं.”

“मग परवा तोंडी का नाही आलं?”

“मोठ्यानं म्हणायला गेलो की शब्द जातात. घरी मोठ्यानं कधी म्हणत नाही ना मी.”

मॅडम खुर्ची न ओढता, हलकेच उचलून त्याच्याजवळ बसल्या. “परिसंस्थेतला ऊर्जाप्रवाह,” त्या म्हणाल्या. “सांग, इथंच.”

निरंजननं डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज इतका बारीक की मॅडमना कान पुढे करावा लागला. पण काय सांगत होता पोरगा. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. कुणाची ऊर्जा कुणाकडे जाते, वाटेत किती वाया जाते, साखळी लांबली की शेवटच्याच्या वाट्याला किती थोडं उरतं. कुठं अडखळणं नाही. मॅडमनी मधेच तोडून दुसऱ्या धड्यातलं विचारलं, तेही आलं. पुस्तकात नसलेलं उदाहरण विचारलं, त्यानं क्षणभर थांबून स्वतःचं दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मॅडम कुजबुजत्या आवाजात तोंडी परीक्षा घेत होत्या, आणि त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मंत्राचा पार फज्जा उडत होता.

“घरी कसा करतोस रे अभ्यास?”

त्यानं सांगितलं. एकच खोली, बाबा दिवसभर तिथंच झोपतात. शाळेतून आल्यावर तो दप्तराची चेन बाहेर जिन्यात उघडतो, कारण चेन वाजते. पेन्सिलीला टोकही तिथंच करतो. आई कुकर शेजारच्या रुक्मिणीबाईंकडे लावते, शिट्टी नको म्हणून. मग तो भिंतीला टेकून बसतो आणि बोटानं तळहातावर उत्तरं लिहितो. एक उत्तर दहा वेळा. सात-आठ वर्षांचा होता तेव्हापासून हेच. सांगताना त्याला त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

मॅडमना मात्र विशेष वाटलं, आणि लाजही वाटली. डायरीतली ती लाल शाई आठवली. ‘मोठ्याने वाचून घ्यावे.’ कुणाच्या उशाशी?

त्यांनी तोंडीचा तक्ता काढला आणि शून्य खोडून नऊ लिहिले. एक कापला, कारण पोरगा विघटक विसरला होता. मॅडम त्या मॅडमच. हमीपत्राचा कोरा कागद त्यांनी टेबलाच्या खणात परत टाकला.

तेवढ्यात शिपाई दत्तोबा दारात आले. चऱ्होलीचे, केस पांढरे झालेले. साडेबारा वाजत आलेले, सुट्टीची घंटा त्यांच्याच हातात. सत्राची शेवटची घंटा म्हणजे काय असते, ते मुलांच्या शाळेत राहिलेल्यालाच ठाऊक. सहाशे पोरं बांध फुटल्यागत बाहेर पडतात.

दत्तोबांनी खुर्चीतल्या माणसाकडे पाहिलं. “थर्डचा हाय व्हय?”

मॅडमनी मान हलवली.

“माझा थोरला बी थर्डलाच हाय. सकाळची पहिली झोप मोडली का मग दिसभर येत न्हाई बगा.” ते जरा थांबले. “घंटा न्हाई देत मी, बाई. वर्गावर्गांत जाऊन सांगतो.”

“पोरं ऐकतील?”

“आईकतील की.”

मॅडम दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना खात्री होती, पहिलाच वर्ग सुटला की आरडाओरडा सुरू होईल. पहिला वर्ग सुटला. पाचवीची चिल्लीपिल्ली बाहेर आली, ओळीनं, पाय न वाजवता. मागून सातवी आली. कुणी बूट काढून हातात घेतलेले. एकानं दप्तराच्या पट्ट्याला लोंबणारी लोखंडी कडी मुठीत धरली होती. दारं लावताना पोरं कडी उचलून धरत आणि मग दार चौकटीला टेकवत. जिन्यावर दोघांची ढकलाढकली झाली तीही मुक्यानं झाली. दत्तोबांनी सगळ्यांना एवढंच सांगितलं होतं, आत थर्डवाला झोपलाय. सहाशे पोरांना त्यापुढं काही समजवावं लागलं नाही. हे कसब त्यांना शाळेनं शिकवलं नव्हतं.

मॅडमना भरून आलं. या पोरांनी आपल्याला एकोणीस वर्षं सहन केलं, वर डायरीवर सह्याही आणून दिल्या, याबद्दल त्यांना मनापासून कृतज्ञ वाटलं.

गोरक्ष जागा झाला तेव्हा दोन वाजायला आले होते. शाळा रिकामी, टेबलाशी मॅडम आणि पोरगा. तो धडपडून उठला. “माफ करा मॅडम, डोळा लागला. कुठं सही करायची?”

“सही नको,” मॅडम म्हणाल्या. “कॉपी केली नाही त्यानं. माझी चूक झाली.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. चेन, पेन्सिल, कुकर, तळहात. घाई न करता, एकही गोष्ट न गाळता.

गोरक्ष ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर कितीतरी वेळ त्यानं पोराकडे बघितलंच नाही. मग दोन्ही हात पुढं करून त्यानं आपली बोटं पाहिली.

“आमच्या लाईनला जुन्या माणसांत दहाच्या दहा बोटं असलेला मी एकटाच हाय, मॅडम,” तो म्हणाला. “डुलकी लागली का बोट गेलं, असं काम. सगळे म्हणतात, गोरक्ष, तुझं नशीब थोर. मलाबी वाटायचं, नशीबच हाय.”

त्यानं ते दोन्ही हात निरंजनच्या डोक्यावर ठेवले आणि तसाच उभा राहिला.